हेडफोनला लावलेली कणीक

दोन्ही हेडफोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकापाठोपाठ ठेवले, तेव्हा पहिल्याचे वजन १८२ ग्रॅम भरले आणि दुसऱ्याचे १४९. खोके सारखे, रंग सारखा, कपांवरची अक्षरे सारखी, कानाच्या गाद्यांची शिवणसुद्धा वरवर पाहता सारखीच. पण एकाच साच्यातून निघालेल्या, एकाच कारखान्यात जोडलेल्या दोन वस्तूंमध्ये तेहेतीस ग्रॅमचा फरक पडत नाही. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत आप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण गेले दोन महिने ते फोनवर मला जे सांगत होते आणि मी जे ऐकून सोडून देत होते, ते खरे होते हे त्या क्षणी आम्हां दोघांनाही कळले.

आप्पा मिरजेला राहतात. शाळेत गणित शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि त्याच्या बरोबरीने चाळीस वर्षे त्यांनी गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. आता बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत, त्यामुळे रात्री जेवणे उरकली की ते जुन्या ख्यालगायकांची ध्वनिमुद्रणे ऐकत बसतात. दिवाळीला मी घरी गेले होते, तेव्हा माझा बिनतारी हेडफोन त्यांनी तासभर लावला आणि तो त्यांना मनापासून आवडला. तो मी पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, हाताळून आणि ऐकून सतराशे नव्व्याण्णव रुपयांना घेतला होता. आप्पांसाठी मात्र मी तेच मॉडेल ऑनलाइन मागवले, कारण एक विक्रेता ते आठशे नव्व्याण्णव रुपयांना देत होता. निम्म्या किमतीला तीच वस्तू कशी मिळते, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मला तो पडला नाही, याचे आजही वाईट वाटते.

आठवडाभराने आप्पांचा फोन आला. ते म्हणाले, “अगं, तुझ्या हेडफोनात ऐकला तो तंबोरा असा नव्हता. यात चारही तारा एकाच डब्यात घालून हलवल्यासारख्या वाटतात.” मी त्यांना म्हटले, “आप्पा, तुमच्या फोनचा दोष असेल.” पुढे आणखी दोनदा त्यांनी तीच तक्रार केली, आणि मी मनातल्या मनात ती त्यांच्या बहात्तर वर्षांच्या कानांवर ढकलली. संक्रांतीला मिरजेला जाताना मी माझा हेडफोन बरोबर नेला, तो त्यांची समजूत काढण्यासाठी. समजूत माझीच निघाली.

वजनानंतर आम्ही रीतसर तपासणीला बसलो. आपल्याकडे बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि तिचा ‘आर-’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक खोक्यावर किंवा वस्तूवर छापावा लागतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसते. मी मोठ्या अपेक्षेने दुसऱ्या खोक्यावरचा क्रमांक टाकला आणि उत्तर आले ते बरोबर कंपनीचे, बरोबर वस्तूचे, चालू नोंदणीचे. क्षणभर वाटले की आपणच उगाच संशय घेतो आहोत. मग ध्यानात आले, की हा क्रमांक त्या एका नगाचा नसतो. तो उत्पादकाच्या नोंदणीचा असतो आणि त्या नोंदणीखालच्या हजारो नगांवर तोच छापलेला असतो. जो माणूस खोके, रंग आणि शिवण यांची नक्कल करतो, त्याला आठ आकडे उतरवून घेणे अवघड नाही. क्रमांक चुकीचा निघाला तर वस्तू संशयास्पद ठरते. बरोबर निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. गणिताच्या मास्तरांना हे समजावून सांगावे लागले नाही. “व्यत्यास खरा असलाच पाहिजे असं नाही,” एवढेच ते म्हणाले.

त्यापेक्षा खोक्यावरच्या लहान अक्षरांनी जास्त सांगितले. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळे वेष्टनावर असावे लागते. दुसऱ्या खोक्यावर हे सगळे होते, फक्त ग्राहकसेवेच्या मोबाइल क्रमांकात नऊच आकडे होते. आप्पांनी चष्मा वर करून, भिंगाखाली धरून ते दोनदा मोजले. नक्कल करणाऱ्याने तो मजकूर चित्र म्हणून उतरवला होता, वाचला नव्हता.

मग फोन हातात घेतला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात आणि तिथे जोडलेला हेडफोन कोणत्या कोडेकने आवाज घेतो आहे ते दिसते. कोडेक म्हणजे हवेतून पाठवण्यासाठी आवाजाची घडी घालायची पद्धत. ब्लूटूथवरून संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात एसबीसी ही पद्धत असावीच लागते. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी या तिच्यावरच्या, ऐच्छिक. दोन्ही खोक्यांवर ‘एएसी’ छापलेले होते. माझ्या हेडफोनने एएसी दाखवले, दुसऱ्याने एसबीसीच्या पुढे पर्यायच दिला नाही. कंपनीच्या स्वतःच्या ॲपने माझा हेडफोन लगेच ओळखला आणि त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली; दुसरा मात्र फोनच्या यादीत त्याच नावाने झळकत असूनही ॲपला तो सापडेना. फोनच्या यादीत दिसणारे नाव ही केवळ अक्षरे असतात आणि ती कोणीही कोणत्याही उपकरणात भरू शकतो. ॲपला मात्र आतली चिप त्याच्या भाषेत उत्तर देते की नाही ते लागते. अस्सल-नक्कल तपासायची वेळ आली तर मी सगळ्यांना आधी हीच खूण पाहायला सांगेन.

शेवटची परीक्षा बॅटरीची होती. यूएसबीचा एक लहानसा मीटर मिळतो, चार्जर आणि वायर यांच्यामध्ये लावायचा. किती विद्युतभार आत गेला ते तो मिलिअँपिअर-तासांत मोजतो. हेडफोनमधले चार्जिंगचे साधे सर्किट घेतलेला प्रवाह जवळपास जसाच्या तसा बॅटरीकडे सोडते, म्हणून पूर्ण उतरलेली बॅटरी भरेपर्यंत मीटरवर जो आकडा येतो, तो तिच्या क्षमतेच्या बराच जवळ असतो. खोक्यावर ४०० लिहिले होते. माझा हेडफोन ३८६वर थांबला आणि आप्पांचा १७०वर. वजनातल्या तेहेतीस ग्रॅमपैकी काहींचा हिशेब तिथे लागला. उरलेल्यांचा हिशेब गादी काढून जाळी उचकल्यावर लागला: माझ्या हेडफोनात चाळीस मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, होता, आणि दुसऱ्यात तेवढ्याच भोकाच्या कड्याला प्लास्टिकची चकती चिकटवून तिच्या मधोमध बराच लहान ड्रायव्हर बसवला होता.

वजनकाट्याची, नऊ आकड्यांची आणि मीटरची छायाचित्रे जोडून मी तक्रार केली. विक्रेत्याने आधी हात झटकले, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर पैसे परत आले. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही. आप्पांना मी माझा हेडफोन ठेवून घ्यायला सांगितले, आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली.

कारण त्या रात्री अस्सल हेडफोन लावून आप्पा बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, “हा बरा आहे गं. पण खराही नाही.”

या वाक्याने मी चमकले. माझ्या लेखी तपासणी संपली होती. वस्तू अस्सल होती, पावती होती, ॲपने ओळख पटवली होती. आप्पा वेगळाच खरेपणा तपासत होते. ध्वनिमुद्रणात काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, सुरात लावलेला तंबोरा होता. तंबोऱ्याच्या चार तारा क्रमाने छेडतात: आधी पंचम, मग जोडाच्या दोन, शेवटी खर्ज. त्या पट्टीत जोडाच्या दोन तारा सुमारे १३९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांनी, बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. माझ्या हेडफोनात शंभर ते दोनशे हर्ट्झच्या मधला पट्टा फुगवलेला होता, त्यामुळे जोडाच्या तारा पुढे येऊन बसत होत्या आणि खर्ज त्यांच्या मागे झाकला जात होता. डग्ग्याची घीस, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमारा, त्याच पट्ट्यात येत असल्यामुळे ठेका सुरू झाला की तंबोरा आणि डग्गा एकमेकांत मिसळून एकच गुंजन उरत होते. हे सगळे मला आकड्यांत नंतर कळले. आप्पांना ते कानाने आधीच कळले होते.

स्वस्त हेडफोनात हा फुगवटा का असतो, याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे साधे आहे. तो दुकानात, रस्त्यावर, बसमध्ये, भोवतालच्या घरघरीवर मात करून ऐकला जातो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘दणका’ जाणवला तरच विकला जातो. पण किंमत वाढली की हा दोष आपोआप जातो असेही नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मापे घेऊन, त्यांचा ध्वनिप्रतिसाद (कोणता स्वर किती मोठा येतो ते) आणि त्यांची किंमत यांचा परस्परसंबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मला तो वाचून फार धीर आला. हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांना निरनिराळे प्रतिसाद ऐकवून, बहुतेकांना कोणता तोल आवडतो त्याचा आलेख काढला. आज हेडफोन जुळवणारे बरेच लोक तो आलेख डोळ्यांसमोर ठेवतात. त्यातही खर्ज थोडा उचललेलाच आहे, पण तो खालच्या अंगाला उचललेला आहे, मधल्या पट्ट्यात फुगवलेला नाही. आपल्या स्वस्त हेडफोनचा दोष खर्ज जास्त असण्यात नसून तो चुकीच्या जागी जास्त असण्यात असतो, हे ध्यानात आले आणि मग काय करायचे त्याची दिशा दिसली.

ती दिशा मला आप्पांच्या पखवाजाने दाखवली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात. कणीक जितकी जास्त, तितके चामडे जड होते आणि आवाज खाली उतरतो. ती सुकत आली की आवाज चढू लागतो, म्हणून पाण्याचा हात फिरवायचा, आणि भजन संपले की खरवडून काढायची. लहानपणी आईच्या परातीतला कणकेचा गोळा घेऊन आप्पांकडे पळत जाण्याचे काम माझे होते, आणि ते अंगठ्याने गोळा दाबत, थाप मारत, पुन्हा चिमूटभर काढत, असे कितीतरी वेळ करत राहायचे. तबल्याची शाई हेच काम कायमस्वरूपी करते. मधोमध भार दिल्याने चामड्याचे वेडेवाकडे उपस्वर सुरेल पंक्तीत कसे येऊन बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते. आणि मिरजेच्या माणसाला तंबोऱ्याच्या जवारीबद्दल, म्हणजे तारेच्या त्या भरलेल्या गुंजनाबद्दल, सांगायला नको. घोडीचा माथा कानसेने किंचित घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा, आणि तो केसभर पुढे-मागे झाला की मुकी तार बोलू लागते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावाला आनंद झाला तो या हातांच्या कामाचा मान झाला म्हणून. कारखान्यातून आलेली वस्तू हा शेवटचा शब्द नसतो. तिला वाजवणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने लावून घ्यायचे असते, ही गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तरी हेडफोनला हात लावावा हे मला तोवर सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही बसलो. एक वही घेतली आणि ठरवले, की एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा, तेच ध्वनिमुद्रण तेवढ्याच आवाजात ऐकायचे आणि मगच पुढे जायचे. ‘तेवढ्याच आवाजात’ या अटीवर मी अडून बसले होते. कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले, की आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. म्हणजे नुसता आवाज वाढवला तरी खर्ज सुधारल्याचा भास होतो. म्हणून दरवेळी कपाला फोन लावून, आवाज मोजणाऱ्या ॲपवर एकच आकडा येईल असे आम्ही पाहत होतो. अशा ॲपचा आकडा प्रयोगशाळेतल्यासारखा अचूक नसतो, पण दोन वेळांची तुलना करायला तो पुरतो.

पहिला शोध लागला तो हेडफोन न उघडताच. आप्पा चष्मा लावतात. चष्म्याची दांडी गादी आणि कानशील यांच्यामध्ये फट ठेवते, आणि बंद कपाच्या हेडफोनात अगदी बारीक फटीतूनही सगळ्यात आधी निसटतो तो खालचा खर्ज. म्हणजे मला जिथे १३९चा फुगवटा आणि त्याखाली थोडाफार ६९ ऐकू येत होता, तिथे आप्पांना फक्त फुगवटा मिळत होता. चष्मा काढून ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. गाद्याही वर्षभराच्या वापराने दबल्या होत्या. त्याच मापाच्या, थोड्या जाड आणि मऊ कापडी गाद्या दोन दिवसांनी मागवल्या, आणि ऐकताना चष्मा काढून ठेवायचा असे ठरले. सबंध खटाटोपात सर्वांत मोठा फरक या दोन गोष्टींनी पडला, हे मी वहीत ठळक लिहून ठेवले आहे.

मग कप उघडला. जुन्या एटीएम कार्डाची कड खाचेत घालून गादी अलगद सोडवली. तिच्याखाली चार बारीक स्क्रू होते. ते काढल्यावर ड्रायव्हर धरून ठेवणारी तबकडी उचलली जाते, पण ती झटक्याने उचलायची नसते, कारण मागे केसाएवढ्या बारीक, लाखेचा लेप दिलेल्या तारा डाखलेल्या असतात आणि त्या तुटल्या की पुन्हा जोडायला कुशल हात लागतो. उजव्या कपात बॅटरी होती. चांदीच्या वर्खासारखी दिसणारी ती चपटी पिशवी टोचली गेली किंवा दुमडली गेली तर पेट घेऊ शकते, त्यामुळे त्या बाजूला स्क्रूड्रायव्हर वापरताना मी तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला होता.

ड्रायव्हर उलटा करून पाहिला. मधोमध चुंबक, त्याच्याभोवती कड्याने आठ लहान खिडक्या, आणि त्यांच्यावर वितभर अंतरावरूनही दिसणार नाही इतका पातळ कागद. हा कागद शोभेचा नसतो. पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा त्याच्या पाठीमागची हवा या खिडक्यांतून ये-जा करते, आणि कागद तिला किती सहज जाऊ देतो यावर पडदा किती मोकाट झुलणार ते ठरते. माझ्या हेडफोनात तो फार विरळ होता. औषधांच्या दुकानात जखमेवर लावायची पांढरी कागदी पट्टी मिळते, मायक्रोपोर. तिच्यातून हवा जाते, पण अडखळत जाते. अर्ध्या इंचाच्या गुंडाळीतून मी तुकडे कापले, आप्पांनी ते चिमट्याने एकेका खिडकीवर बसवले आणि नखाने कडा दाबल्या. एक थर लावून कप बंद केला, ऐकले. जोडाच्या तारा एक पाऊल मागे सरकल्या. दुसरा थर लावला, तेव्हा डग्गा आणि तंबोरा वेगळे झाले. तबल्याच्या बोलाला शेवट आला; आधी ‘धा’ पुढच्या मात्रेत ओघळत होता, तो आता आपल्या जागी थांबू लागला.

कपाची पोकळी रिकामी होती आणि तिच्या गुळगुळीत भिंतींवरून परतणारा आवाज गायकाच्या स्वराला किंचित डबडबीत करत होता. देवघरातला वातींचा कापूस घेतला, पिंजला, आणि एका वातीपुरता पुंजका प्रत्येक कपात सैल पसरला. हे करताना माझ्याकडून एक चूक झाली. थोड्याने इतके बरे वाटले तर जास्तीने आणखी बरे वाटेल, या हिशेबाने मी फोमचे तुकडे ठासून भरले, आणि आवाज रजई पांघरून गायल्यासारखा झाला. शिवाय एक तुकडा माइकच्या छिद्रासमोर गेल्याने फोनवर माझे बोलणे पलीकडच्याला ऐकू येईना. सगळे उपसून पुन्हा तेवढाच पुंजका ठेवला. आप्पा म्हणाले, “कणीक चिमटीनं लावायची असते, मुठीनं नाही.”

एवढे झाल्यावरच फोनमधल्या इक्वलायझरला, म्हणजे निरनिराळे पट्टे वर-खाली करायच्या सोयीला, हात लावला. बाजारातल्या बऱ्याच हेडफोनांची मापे घेऊन तयार केलेल्या दुरुस्त्या ‘ऑटोईक्यू’सारख्या खुल्या प्रकल्पात फुकट मिळतात, पण त्या मूळ हेडफोनच्या असतात, गाद्या बदललेल्या, पट्ट्या लावलेल्या हेडफोनला त्या तशाच लागू पडत नाहीत. म्हणून आम्ही कानानेच थोडे केले: १५० हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल खाली, आणि ६०च्या आसपास दोन वर. कोणताही पट्टा वर उचलला की एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी लागते, नाहीतर मोठ्या स्वराला आवाज फाटतो. हे अनेकजण विसरतात आणि मग हेडफोनला दोष देतात.

संध्याकाळी माझ्या भाच्याला मदतीला घेतले. पाठीमागे बसून तो फोनवर इक्वलायझर चालू-बंद करायचा आणि मी न बघता सांगायचे. दहापैकी नऊ वेळा मी बरोबर सांगितले. मग त्याने डेव्हलपरच्या पर्यायांतून एसबीसी आणि एएसी आलटून-पालटून लावले. त्यात मी दहापैकी पाच वेळा बरोबर आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. कागदावर हा फरक मोठा दिसतो. पण दोन हजारांच्या आतल्या हेडफोनात गादीची फट आणि पडद्यामागची हवा यांनी जे बिघडते, त्यापुढे तो माझ्या कानाला सापडला नाही. खोक्यावरच्या कोडेकच्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी चांगल्या गाद्या घ्याव्यात, असे मी आता कोणालाही सांगते.

महिनाभराने आणखी एक गोष्ट उघड झाली. मला जो तोल निर्दोष वाटत होता, त्यात आप्पांना तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा टणत्कार, ऐकू येत नव्हती. सांगलीत कानांची तपासणी करून घेतली. आलेखात दोन्ही रेषा तीन हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालत होत्या आणि तिथून पुढे उतरत होत्या, डावी जरा जास्त. वयाबरोबर आधी वरचेच स्वर जातात. तो कागद पाहताना मला त्यांचा पहिला फोन आठवला आणि लाज वाटली: त्यांचे कान म्हातारे झाले होते हे खरे, पण ज्या तक्रारीसाठी मी त्यांना जबाबदार धरले, ती खर्जाची होती, आणि खर्ज त्यांना माझ्याइतकाच, कदाचित माझ्याहून चांगला ऐकू येत होता. त्यांच्या फोनमध्ये आता त्यांचा वेगळा तोल आहे. साडेतीन हजारांच्या आसपास चार डेसिबल वर, एकूण पातळी चार खाली. आवाज वाढवून ही उणीव भरायची नाही, असे तपासणाऱ्या बाईंनीही बजावले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते, आणि जे उरले आहे ते जपायचे तर त्याच्या बरेच आत राहिलेले चांगले.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा आप्पांनी हेडफोन माझ्या हातात दिला. “एक थर काढ,” ते म्हणाले. “तेव्हा बरं वाटलं होतं, पण आता जरा आवळल्यासारखं लागतंय. हवा खेळू दे.” नव्या गाद्या महिन्याभरात कानाला बसल्या होत्या आणि फट आणखी बुजली होती, त्यामुळे तसे होत असावे. मी पुन्हा चादर अंथरली, चार स्क्रू काढले, चिमट्याने दोन्ही बाजूंचा वरचा थर सोलला आणि वहीत तारीख घालून लिहिले: डावी एक, उजवी एक. सोललेल्या पट्ट्यांचे तुकडे पानावरच चिकटवून ठेवले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी टेबलावरून किंचित उचलली गेली आणि खाली आली. पुन्हा काही क्षणांनी तशीच. सुरुवातीला मला वाटले, की ते ठेका धरत आहेत, पण आलाप चालू होता, ठेका अजून लागलेला नव्हता. मी मनात मोजू लागले: पंचम, जोड, जोड, आणि बोट वर. पंचम, जोड, जोड, आणि बोट वर.